नदीकाठची शेड पाडण्याआधी

आमच्या शेजारच्या अंबादास अण्णांना चालू यंत्र दिसलं की ते आधी बंद करतात. यंत्र कुणाचं, कशासाठी चालू आहे, ही चौकशी नंतर. गेल्या गणपतीत आरती ऐन रंगात आली असताना त्यांनी मांडवातला लाउडस्पीकर बंद केला. एकदा हृदयाच्या डॉक्टरांकडे तपासणीला गेले, तर तिथला चालायचा पट्टा बंद केला. पट्ट्यावर दुसराच एक पेशंट चालत होता. त्याच्या छातीचे ठोके त्या दिवशी जे वाढले ते चालण्यामुळे नव्हेत, असं डॉक्टरांनी स्वतःच कबूल केलं म्हणे.

माझी आणि त्यांची ओळखही अशीच झाली. मी या इमारतीत नवी होते आणि मिक्सरमध्ये शेंगाची चटणी फिरवत होते. पांढरा लेंगा, बनियन, खांद्यावर आपल्या सोलापूरचा चौकड्याचा टॉवेल अशा वेशातला एक उंच, मिशाळ माणूस उघड्या दारातून थेट स्वयंपाकघरात आला आणि त्याने बटण खाली केलं.

"आगु!" ते ओरडले. आगु म्हणजे तेलुगूत थांब. "बेअरिंग गेलंय. आनि शेंगाची चटणी मिक्सरात करतात व्हय, बाई? उखळ कुटं गेलं तुमचं?"

मी जन्मभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. माझ्या वर्गात परवानगीवाचून मुख्याध्यापिकासुद्धा येत नसत. तसं मी त्यांना ऐकवलं.

"परवानगी घेईस्तोवर मोटार जळाली असती की," अण्णा म्हणाले, आणि अख्खा मिक्सर काखेत मारून निघून गेले. संध्याकाळी मिक्सर दुरुस्त होऊन आला. सोबत एक दगडी उखळही आलं.

ईशान, मीरा, हे मी तुम्हाला आज का सांगते आहे, ते आधीच स्पष्ट करते. परवा तुमच्या त्या संगणकावरच्या खेळाविषयी तुमचा निरोप आला: "आजी, आपल्या गावात नदीकाठी कोणीतरी एक लांब, कुरूप घर बांधलंय. आत नुसते काळे ठोकळे रांगेत लावलेत. एकच खिडकी, तीही चुकीच्या उंचीवर. खिडकीखाली एक ठोकळा उगाच पडला होता, तो मीराने काढून टाकला. तू बांधलंयस का? रविवारी आम्हाला तिथे रेल्वे स्टेशन करायचंय. तुला वाईट वाटणार नसेल तर पाडू का?"

निरोप सभ्य होता, विरामचिन्हंही जागच्या जागी होती. मला वाईट वाटणार नाही, कारण ते मी बांधलेलं नाही. पण रविवारपर्यंत थांबा. पाडायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. फक्त हे वाचून मग ठरवा.

अण्णा विणकरांच्या घरातले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांची टॉवेलची शेड होती. यंत्रमाग म्हणजे काय आवाज असतो, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. एक माग चालला तर माणसाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिथे रांगेने माग चालत. उभा धागा तुटला की माग तिथल्या तिथे थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, गाठ मारायची, मग पुढे. थांबवलं नाही तर माग आपला विणतच राहतो आणि हातभर कापड वाया जातं. अण्णांचं तत्त्वज्ञान एवढंच आहे. "चुकीचं विणण्यापेक्षा न विणलेलं बरं," ते म्हणतात, आणि हे वाक्य ते टॉवेलबद्दल, लग्नाबद्दल, निवडणुकीबद्दल आणि माझ्या पोळ्यांबद्दल सारख्याच खात्रीने म्हणतात.

त्या शेडमधून त्यांनी आणखी एक गोष्ट घरी आणली. आवाजात बोलता येत नाही म्हणून शेडमधली माणसं नुसते ओठ हलवून बोलतात, आणि समोरचा ते वाचतो. अण्णा रस्त्यापलीकडच्या माणसाचे ओठ वाचतात. आपल्या गॅलरीत उभे राहून गल्लीतली सगळी भांडणं, सोयरिकी आणि भाजीचे भाव ते आवाजाशिवाय ऐकतात. आमच्याकडे बायका रस्त्यात पदर तोंडाशी धरून बोलतात ना, ती लाज नव्हे. ती अण्णांपासूनची काळजी.

आता तुमच्या खेळाकडे येते.

मीराच्या वाढदिवसाला मी तुमच्या त्या ठोकळ्यांच्या गावात यायचं, असं ठरलं होतं. तुम्ही तिथे माझ्यासाठी घर बांधलं होतं. दारावर 'आजी' अशी पाटी होती आणि मीराने अंगणात तुळस म्हणून काहीतरी हिरवं लावलं होतं. ईशानने सूचना पाठवल्या होत्या: आधी लाँचर उतरवून घे, मग लाँचर खेळ उतरवेल. लाँचर म्हणजे खेळ नव्हे, खेळाच्या दारावरचा रखवालदार, हे मी समजून घेतलं. ईशानने पाठवलेली छोटी फाईल फोनमधून आजोबांच्या जुन्या संगणकात घेतली. संगणक बरीच वर्षं कपड्याखाली झाकलेला होता. मी धूळ पुसली, वायरी जोडल्या, चष्मा बदलला, आणि दुपारच्या जेवणाआधीच बसले, कारण तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळ होते.

फाईल उघडली. एक हिरवी पट्टी आली, नखभर पुढे सरकली आणि थांबली. मग लाल फुली आली, आणि खाली इंग्रजीत एक वाक्य: काहीतरी चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा.

मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा नखभर पट्टी, पुन्हा फुली. पुन्हा केला. काहीतरी चूक झाली! काय चूक, कुणाची, कुठे? माझ्या एखाद्या विद्यार्थिनीने असं उत्तर लिहिलं असतं तर मी समासात मोठं प्रश्नचिन्ह काढलं असतं. तिकडे घड्याळ पुढे चाललं होतं. वाढदिवसाचा केक तुम्ही माझ्यासाठी थांबवला होता, हे मला माहीत होतं, आणि मला एका जागी बसवेना. उठायचं, खिडकीपर्यंत जायचं, परत यायचं, बटण दाबायचं, फुली बघायची.

बहुतेक माझं ते उठणं-बसणंच गॅलरीतून दिसलं असावं. कारण दार वाजलं नाही, पण आवाज आला.

"आगु!"

अण्णांनी माझा हात माऊसवरून बाजूला केला, संगणकाच्या डब्यावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. वैद्य नाडी बघतो तसं बराच वेळ ऐकलं.

"पंखा बरा हाय," ते म्हणाले. "बेअरिंग बरं हाय. काय येत न्हाय म्हनताय?"

"लाँचर."

"कुटनं येनार?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. "परदेशातून कुठून तरी," मी म्हणाले.

"मंग लांबनं येतंय. जोर कमी पडत असंल." त्यांनी वर दिव्याकडे पाहिलं. "व्होल्टेज न्हाय, बाई. बघा की, बल्ब कसा पिवळा पडलाय."

बल्ब पिवळाच होता. मी तसाच विकत आणला होता. पण अण्णा तोवर जिन्यात पोचले होते. एमआयडीसीत लाईट कमी झाली की काही माग बंद करायचे, म्हणजे उरलेल्यांना नीट करंट मिळतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. लाँचरलाही तोच नियम लागू.

"मिक्सर बंद! मोटार बंद! टीव्ही बंद!" त्यांचा आवाज एकेक मजला खाली उतरत गेला. "इंग्रजीच्या बाईंचा माल अडकलाय! थोडा येळ सगळ्यांनी बंद करा की!"

आणि लोकांनी बंद केलं, मुलांनो! अण्णांशी वाद घालण्यापेक्षा पंखा बंद करणं सोपं, हे आमच्या गल्लीने केव्हाच मान्य केलेलं आहे. एकेक आवाज बंद पडत गेला. इतक्या आवाजांत आपण राहतो, हे मला तेव्हा कळलं. फक्त खालची पिठाची गिरणी घरघरत राहिली. ती गौरव्वाची. गौरव्वा अक्कलकोटकडची, मराठी बोलते पण रागावली की कानडीत जाते.

"अय्यो अण्णा, अर्धी ज्वारी आत हाय की हो!"

"अर्धी भाईर हाय न्हवं? मंग चाललं. आगु!"

गिरणी थांबली. पुढचं गौरव्वा जे बोलली ते सगळं कानडीत होतं, म्हणून मी इथे लिहू शकत नाही.

शांतता झाली. मी बटण दाबलं. या वेळी पट्टी नखभरसुद्धा सरकली नाही. संगणक म्हणाला, इंटरनेटच नाही.

"आलं का?" खालून आवाज.

"आता तर काहीच येत नाही!"

"येनारच न्हाय," दुसरा एक आवाज म्हणाला. तो इंटरनेटवाला रफिक होता. गल्लीतल्या सगळ्या घरांतून त्याला एकदम फोन गेले होते आणि तो मोटारसायकलवरून तसाच आला होता. जिन्याखाली भिंतीवर त्याचा एक डबा आहे, बारीक हिरवे दिवे लुकलुकणारा. गल्लीचं सगळं इंटरनेट त्या डब्यातून जातं. सगळं बंद केल्यावर अण्णांना जिन्याखालच्या अंधारात तेवढेच दिवे लुकलुकताना दिसले. चालू यंत्र दिसलं म्हटल्यावर पुढचं सांगायला नको.

"अण्णा, ये डब्बा तुम बंद करे क्या?"

"करंट खात हुता उगाच."

"अरे, येच तो इंटरनेट है! पूरी गल्ली का!"

अण्णांनी वाकून डबा वरून, खालून निरखला. मग म्हणाले, "एवढा ल्हान?" त्यांच्या आवाजात चूक झाल्याचं दुःख नव्हतं, डब्याविषयी कौतुक होतं.

डबा चालू झाला. गिरणी चालू झाली. मिक्सर, टीव्ही, पंखे पुन्हा सुरू झाले. मी बटण दाबलं. पट्टी नखभर सरकली. लाल फुली. काहीतरी चूक झाली.

अण्णा खोलीत येरझाऱ्या घालू लागले. ते कधी बसत नाहीत. मी खुर्ची पुढे केली की तिची पाठ धरून उभे राहतात. मागवाल्याने बसलं की धागा तुटलेला दिसत नाही, म्हणे. "कुटं तरी तुटलाय," ते पुटपुटत होते. "माल हाय. रस्ता हाय. करंट हाय. कुटं तरी एकच धागा तुटलाय, बाई. दिसंना."

शेवटी मी फोनवर तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला. हे तुम्हाला आठवत असेल, पण त्या बाजूने. या बाजूने काय दिसलं ते सांगते. तुमची आई त्याच खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती, म्हणून तुम्ही फोनचा आवाज बंद ठेवून नुसते ओठ हलवत होता. ईशान भराभर काहीतरी सांगत होता. मला अक्षर कळेना. मी चष्मा काढला, घातला, फोन कानाला लावला, काय उपयोग!

"द्या हिकडं," अण्णांनी फोन डोळ्यांसमोर धरला. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "ह्यो इंग्रजीत बोलतोय, बाई. मला इंग्रजी ओठ येत न्हाईत. त्या पोरीला घ्या म्हनावं."

मी खुणेने मीराला बोलावलं. मीरा, तू फोनच्या अगदी जवळ आलीस. तुझं नाक मोठं दिसत होतं. तू हळूहळू ओठ हलवलेस, आणि तुझा घरचा मराठीचा क्लास घेताना मी जे कष्ट घेतले त्याचं त्या क्षणी चीज झालं.

"आजी," अण्णा वाचू लागले, "दादा... म्हनतोय... तारीख बघ. खाली... कोपऱ्यात... तारीख." मग त्यांनी फोनकडे तोंड करून आपणही आवाज न करता, ओठ सावकाश मोठे करून, काहीतरी विचारलं. तू हसलीस आणि उत्तर दिलंस. त्यांनी पुन्हा काहीतरी विचारलं. तू पुन्हा उत्तर दिलंस. ही मैफल बरीच लांबली. मी मध्येच बसलेली होते आणि मला एक शब्द कळत नव्हता.

"काय विचारलंत तिला?"

"जेवलीस का म्हनून विचारलं. केक खाल्ल्याबिगर जेवनार न्हाय म्हनती. केक तुमच्यासाठी थांबलाय. लई ग्वाड पोरगी हाय."

मी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. माझ्या घरातली सगळी घड्याळं एक वेळ दाखवतात, कॅलेंडरचं पान महिना उजाडताच उलटलेलं असतं, हे तुम्हाला माहीत आहे. आणि माझ्याच टेबलावरच्या या संगणकात दहा-बारा वर्षांपूर्वीची तारीख होती. ईशानने नंतर मला समजावलं: संगणकाच्या पोटात एक गोल सेल असतो, तो मेला की संगणक तारीख विसरतो आणि मागेच कुठेतरी जाऊन थांबतो. मग बाहेरचं जग त्याच्याशी व्यवहार करत नाही. तारीखच जुळत नाही, तर हा खराच कशावरून, असं त्याला वाटतं. तुटलेला धागा हा होता.

मी तारीख दुरुस्त करायला गेले. खांद्यावरून अण्णा वाकले. त्यांनी ते साल मोठ्याने वाचलं. मग नुसत्या ओठांनी पुन्हा एकदा वाचलं.

"आगु," ते म्हणाले, पण या वेळी ओरडून नाही.

मी थांबले.

"ह्या मशीनचं बरं हाय की, बाई. ह्याला वाटतंय अजून माझी शेड चालू हाय."

त्या सालात अण्णांची शेड चालू होती. त्यांच्या पत्नी, पद्मक्का, होत्या. नंतर पद्मक्का गेल्या. मुलगा पुण्याला नोकरीत रमला. माग चालवायला माणसं मिळेनात आणि अण्णांना चालवावंसं वाटेना. माग भंगारात किलोवर गेले. त्या शेडमध्ये आता कुणाच्या तरी पाण्याच्या बाटल्या ठेवतात. त्या सालात याच खुर्चीवर बसून तुमचे आजोबाही पत्ते लावत होते. पण हे अण्णांविषयी आहे, माझ्याविषयी नाही.

"बदलायलाच पायजे का?" अण्णांनी विचारलं.

"केक थांबलाय," मी म्हणाले.

"व्हय व्हय. बदला."

तारीख बदलली आणि पट्टी सरळ धावत सुटली. रखवालदार आला, त्याने खेळ आणला, आणि मी तुमच्या गावात पोचले. आल्या आल्या मी भिंतीवर आपटले, मग नदीत पडले, मग मीराने मला बाहेर काढून माझ्या घरात नेलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही ते एवढंच की तो सगळा वेळ अण्णा माझ्यामागे खुर्चीची पाठ धरून उभे होते, आणि तुमच्या गावातला प्रत्येक ठोकळा बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. "मशीन बरं चालतंय का बगायला." संगणक सुरू केला, तर तारीख पुन्हा मागे गेलेली. मी म्हणाले, रफिकला सांगून नवा सेल बसवून घेते.

"कशाला? राहू द्या की. रोज दुपारी आपन त्याला फुडं आनू."

शिस्तीच्या माणसाला हे चालणार नाही, हे उघड आहे. मी सेल विकत आणला. तो अजून खणात आहे.

तिसऱ्या का चौथ्या दुपारी अण्णांनी विचारलं, "बाई, ह्ये ठोकळे कुटले बी कुटं बी लावता येतात?" मी म्हणाले, येतात. "काळे हाईत?" आहेत. मग ते माझ्या खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलं पाहिलं ते पहिल्यांदाच. एक बोट माऊसवर, एक बोट कीबोर्डवर, आणि ओठ हलत होते. स्वतःशी बोलत होते की आणखी कुणाशी, ते विचारणं मला बरोबर वाटलं नाही. मी आत जाऊन चहा ठेवला. दुपारमागून दुपार असं चाललं. एके दिवशी दिवेलागणीची वेळ झाली तरी ते उठेनात. खालून गौरव्वा हाका मारत होती, कुणाचा तरी मिक्सर जळाल्यासारखा ओरडत होता, आणि अण्णांना ऐकू येत नव्हतं. तेव्हा मी म्हणाले, "अण्णा, आगु." आमच्या गल्लीच्या इतिहासात हा शब्द त्यांना कुणी पहिल्यांदाच ऐकवला असेल. ते दचकून उठले, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "छप्पर राहिलंय अजून."

तर मुलांनो, नदीकाठचं ते लांब घर म्हणजे शेड आहे. ते काळे ठोकळे म्हणजे माग. मी मोजले नाहीत, पण अण्णांनी नक्की मोजलेले असणार. मधली वाट रुंद ठेवली आहे, कारण तिथून सुताची गाडी जायची. कुरूप आहे, हे मला मान्य आहे. खरी शेडही कुरूपच होती, असं अण्णा अभिमानाने सांगतात.

खिडकी मात्र चुकीच्या उंचीवर नाही. तशीच होती ती. दुपारी पद्मक्का घरून डबा घेऊन यायच्या. आत आवाज आणि कापसाचा भुगा, म्हणून त्या आत यायच्या नाहीत. खिडकीबाहेर उभ्या राहायच्या आणि तिथून बोलायच्या. नुसत्या ओठांनी. अण्णा मागापाशी उभे राहून उत्तरं द्यायचे. घरातले सगळे निर्णय, मुलाची शाळा, सासूचं आजारपण, कुणाच्या लग्नाला जायचं नि कुणाच्या टाळायचं, हे सगळं त्या खिडकीतून झालं. इतक्या आवाजात त्यांनी एकमेकांवर आवाज कधी चढवलाच नाही. चढवून उपयोग नव्हता.

पद्मक्का बुटक्या होत्या. खिडकी त्यांच्या डोक्याच्या वर यायची. म्हणून अण्णांनी खिडकीखाली बाहेरच्या बाजूला एक दगड आणून ठेवला होता. त्यावर त्या उभ्या राहायच्या.

तो ठोकळा उगाच पडलेला नव्हता, मीरा.

तू काढलास हे अण्णांना काल दुपारी दिसलं. ते खेळातल्या शेडच्या बाहेर गेले, जागा बघितली, आणि एक ठोकळा आणून पुन्हा तिथे ठेवला. मग आत येऊन मागांच्या रांगेत उभे राहिले, खिडकीकडे तोंड करून, आणि बराच वेळ पडद्यावर काहीच हललं नाही. मला वाटलं, संगणक अडकला. मी अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बटणाला हात लावला नाही.

नंतर चहा पिताना मी विचारलं, पद्मक्का खिडकीतून सगळ्यात जास्त काय बोलायच्या.

"काय न्हाय हो," अण्णा म्हणाले. "'जेवा आधी.' एवढंच. रोज."

स्टेशन हवंच असेल तर नदीच्या पलीकडे जागा आहे. मी काल फिरून पाहून आले आणि फक्त एकदाच नदीत पडले. तरी तुम्ही ठरवा. पण मीरा, रविवारी दुपारी अण्णा येतील आणि माझ्या खुर्चीवर बसतील. तेव्हा तू जरा त्या ठोकळ्यावर येऊन उभी राहशील का? काही बोलायला नको. तुमच्या खेळातल्या माणसांचे ओठ हलत नाहीत, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे, उगाच आशा नको म्हणून.

"चालतंय की," ते म्हणाले. "कुनी उभं राहिलं तरी कळतंय."